अंबाजोगाईचा व्हायोलिनवर्ग : तीन वर्षांनंतर

परळीहून अंबाजोगाई पंचवीस किलोमीटरवर आहे, आणि हे अंतर मी आणि माझी मुलगी गेली तीन वर्षे दर बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी एसटीने कापतो आहोत, ते तिथल्या एका व्हायोलिनवर्गासाठी. या काळात ओळखीच्या निदान दहा जणांनी "आमच्या मुलाला तिथे घालावे का?" असे विचारले. प्रत्येकाला बसस्टँडवर उभ्या उभ्या अर्धवट उत्तर देत आलो. म्हणून एकदा सविस्तर लिहीत आहे. वर्ग चालवणाऱ्या सरांनी "लिहायचं ते लिहा, पण माझं नाव नको" अशी अट घातलेली असल्यामुळे नाव देत नाही. अंबाजोगाईत भजनी मंडळातल्या किंवा तबला-पेटीशी संबंध असलेल्या कोणालाही "व्हायोलिनवाले सर" एवढे म्हटले की घर दाखवतात.

माझे मत आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना पुढचे वाचायचे नाही त्यांचा वेळ वाचेल. सहा महिन्यांत मुलाने वाढदिवसाच्या कार्यक्रमात सिनेमातले गाणे वाजवून दाखवावे, अशी ज्यांची अपेक्षा असेल त्यांनी या वर्गाच्या पायऱ्या चढू नयेत. इथे व्हायोलिन गळ्यातून शिकवले जाते, आणि गळ्यातून हातात यायला जो वेळ लागतो तो कमी करण्याची सरांची मुळीच तयारी नसते.

पहिल्या दिवशी मी मुलीच्या हाताला धरून गेलो तेव्हा मुलगी शिकणार आणि मी कोपऱ्यात बसून वर्तमानपत्र वाचणार, असा माझा बेत होता. सरांनी विचारले, "गुरुजी, तुम्हाला सा लावता येतो का?" मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, त्यामुळे ते मला गुरुजी म्हणतात आणि मी त्यांना सर म्हणतो, गुरू नेमका कोण, याचा गोंधळ नव्या पालकांच्या चेहऱ्यावर दर वेळी दिसतो. मी नाही म्हणालो. "मग घरी हिचा रियाज कोण ऐकणार? बसा तुम्हीही." त्यानंतरचे सहा आठवडे आम्हा दोघांपैकी कोणाच्याही हातात वाद्य आले नाही. तानपुरा लावायचा, आकारात सा धरायचा, मग सा-प, मग खालचा प, मग पलटे. चौथ्या आठवड्यात मी धीर करून विचारले की व्हायोलिन कधी सुरू होणार. सर तानपुऱ्याकडे बघतच म्हणाले, "गाता येत नसताना वाजवायला कामून निघालात?"

तेव्हा मला हे म्हाताऱ्या माणसाचे हट्टीपण वाटले होते. पुढे वाद्य हातात आल्यावर कारण कळले. पेटीला पट्ट्या असतात, सतारीला पडदे असतात. बोट थोडे इकडेतिकडे पडले तरी सूर ठरलेल्या जागी निघतो. व्हायोलिनवर बोटे ठेवायची पट्टी काळी, गुळगुळीत आणि पूर्ण रिकामी असते. मोठ्या माणसाच्या व्हायोलिनवर घोडीपासून (तारांना उचलून धरणाऱ्या लाकडी तुकड्यापासून) वरच्या टोकापर्यंत वाजणाऱ्या तारेची लांबी साधारण ३३ सेंटिमीटर भरते. मोकळ्या तारेवरून पहिला अर्धा सूर चढायला बोट सुमारे १८ मिलिमीटर सरकावे लागते, आणि एक सप्तक वर गेल्यावर तेच अंतर निम्मे, म्हणजे ९ मिलिमीटरच्या आसपास होते. बोटाचे टोकच तेवढे रुंद असते. तिथे कोमल गंधार, म्हणजे उतरलेला ग, नेमका कुठे आहे हे डोळ्यांना कधीच दिसत नाही, आणि तो आधी कानात बसलेला नसेल तर बोट जन्मभर अंधारात चाचपडत राहते. काही ठिकाणी मुलांच्या पट्टीवर रंगीत चिकटपट्ट्या लावून सुरांच्या जागा दाखवतात. सरांना ते अजिबात मान्य नाही. माझ्या मुलीने शाळेतल्या मैत्रिणीकडून शिकून अशी एक चिकटपट्टी गुपचूप लावली होती. सरांनी ती नखाने सोलून काढली, रागावले मात्र नाहीत.

वाद्यखरेदीत आम्ही जी चूक केली ती इतरांनी करू नये. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. व्हायोलिन लहान मुलांसाठी पाव, अर्धे, पाऊण अशा मापांत मिळते, आणि माप कसे घ्यायचे ते सरांनी सांगितले होते: डावा हात बाजूला सरळ लांबवायचा, व्हायोलिन खांद्यावर ठेवायचे, आणि पुढच्या गुंडाळीसारख्या टोकाभोवती पंजा सहज वळला पाहिजे. त्याप्रमाणे पाऊण मापाचे वाद्य ठरले. माझ्यासाठी पूर्ण मापाचे सरांनी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याकडून मिळवून दिले. मुलीचे मात्र मी घाई करून घरबसल्या मोबाइलवरून मागवले. दुकानाचे नाव लिहीत नाही. खोके उघडले तेव्हा घोडी आडवी पडलेली होती, तारा सैल होत्या आणि वाद्य हलवले की आत काहीतरी खडखडत होते. मी घोडी आपल्या मनाने उभी केली आणि तार ताणू लागलो. खुंटी सरकत होती म्हणून जोर लावला, आणि सर्वांत बारीक तार माझ्या मनगटावर ओरखडा काढून तुटली. दुकानाशी आठ दिवस निरोपांची देवाणघेवाण झाली, आणि शेवटी "वाद्य वापरलेले दिसते" असे उत्तर आले.

रविवारी ते तसेच वर्गात नेले. आत खडखडत होती ती काडी. व्हायोलिनच्या पोटात, घोडीच्या बारीक तारेकडच्या पायाच्या किंचित खाली, वरची फळी आणि पाठ यांच्यामध्ये एक छोटी गोल काडी नुसत्या दाबावर उभी असते. ती कुठेही चिकटवलेली नसते, त्यामुळे तारा पूर्ण सैल पडल्या की ती कोसळू शकते. तारांची थरथर घोडीतून वरच्या स्प्रूसच्या फळीत आणि या काडीतून खालच्या मेपलच्या पाठीत पोहोचते. काडी नसेल तर आवाज डब्यात कोंडल्यासारखा येतो. सरांनी एक वाकडी लोखंडी सळी काढली, काडी तिच्या टोकावर टोचली, वरच्या फळीवरच्या वळणदार छिद्रातून आत सरकवली, आणि दुसऱ्या छिद्रातून एका डोळ्याने बघत तिला उभे करू लागले. दोनदा पडली. तिसऱ्यांदा उभी राहिल्यावर त्यांनी सळीच्या बोथट टोकाने तिला केसभर इकडे, केसभर तिकडे ढकलले, दर वेळी तार छेडली आणि मुलीला विचारले, "आता कसा यायलाय?" तिसऱ्या-चौथ्या ढकलण्यानंतर आवाज एकदम मोकळा झाला, आणि तो फरक संगीतातले ओ की ठो न कळणाऱ्या मलाही ऐकू आला. मग घोडी कानशीने घासून तिची उंची कमी केली. सरकणाऱ्या खुंट्यांना खडू लावावा लागतो, म्हणून त्यांनी खडू मागितला. तो माझ्याच खिशात निघाला. या सगळ्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. मी आग्रह केला तेव्हा म्हणाले, "तारेचे द्या. हाताचे नकोत."

खुंट्यांचा हा त्रास आपल्या भागात कायमचा समजावा. चैत्र-वैशाखात परळीची हवा इतकी कोरडी होते की लाकूड आकसते आणि सकाळी जुळवलेली तार दुपारी उतरलेली असते. पावसाळ्यात त्याच खुंट्या फुगून हलायला तयार नसतात. वाद्य पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये, सरसाचे जोड सुटतात. हे मला माहीत असायला हवे होते, कारण आमच्याकडच्या पखवाजाची आणि वीणेची तीच कथा असते.

आता सरांविषयी. वर्गाचे मोल त्यांच्या आयुष्यातून आलेले आहे, म्हणून हा भाग टाळता येत नाही. त्यांचे वडील कीर्तनात पेटीची साथ करीत. घरात व्हायोलिन आले ते हैदराबादेतून. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हापासून इथल्या लोकांची खरेदी, कोर्टकचेरी आणि शिक्षण हैदराबादला होत असे, आणि राज्य गेल्यावरही ती सवय बरीच वर्षे टिकली. वडील एका लग्नाच्या खरेदीला गेले होते, तिथे जुन्या सामानाच्या दुकानात त्यांना हे वाद्य दिसले, आणि साड्यांच्या पैशांतले थोडे पैसे त्यात गेले. आईने ते वर्षभर माफ केले नाही, असे सर हसत सांगतात. शिकवणारा मात्र जवळपास कोणी नव्हता. म्हणून सर आधी गाणे शिकले, आणि शिकलेली प्रत्येक बंदिश घरी येऊन एकट्याने व्हायोलिनवर शोधत बसले. पुढे पुण्याला एका वादकाकडे सुट्ट्यांमध्ये राहून हात सुधारून घेतला. तिथे गुरूंनी पहिले सहा महिने फक्त गज, म्हणजे तारांवर फिरवायची केस लावलेली छडी, ओढायला लावला. नोकरी शाळेत संगीतशिक्षकाची. आकाशवाणीच्या परीक्षेत श्रेणी मिळाल्यावर अधूनमधून केंद्रावर वादन. बाकी सगळी हयात साथीत गेली. नाट्यपदांचे कार्यक्रम, कीर्तने, गावोगावचे उत्सव, मार्गशीर्षात योगेश्वरीच्या देवळातली सेवा. स्वतंत्र वादनाचे कार्यक्रम किती झाले असे मी एकदा विचारले, तर त्यांनी दोन्ही हातांची बोटे दाखवली आणि त्यातलीही दोन मिटून घेतली.

हे मी सहानुभूतीसाठी सांगत नाही. साथ करणाऱ्याला गाणाऱ्याच्या पाठोपाठ, अर्ध्या मात्रेच्या अंतराने, त्याने नुकतीच घेतलेली जागा तशीच्या तशी हातातून काढावी लागते. ती त्याला आधीपासून माहीत नसते. चाळीस वर्षे हे केलेल्या माणसाचा कान विद्यार्थ्याच्या चुकीपाशी विद्यार्थ्याच्या आधी पोहोचतो. माझी मुलगी सूर लावायला बोट उचलते तेव्हाच सर "खाली पडणार" म्हणतात, आणि बोट खरोखरच खाली पडते.

शिकवण्याची पद्धत एका धड्यावरून दाखवतो. मागच्या हिवाळ्यात भीमपलास चालू होता. या रागात गंधार आणि निषाद कोमल असतात, चढताना रिषभ आणि धैवत वगळतात, आणि गंधारावर नुसते बोट ठेवून चालत नाही, तो मध्यमाचा हात धरून खाली यावा लागतो. मुलगी म आणि मग ग असे दोन सूर वाजवत होती, दोन्ही अगदी जागेवर. सर ऐकत राहिले आणि म्हणाले, "सूर बरोबर आहेत, भीमपलास कुठंय?" मग त्यांनी व्हायोलिन खाली ठेवायला लावले आणि तीच जागा गायला सांगितली. गाताना तिच्या गळ्याने आपोआप मध्यमावरून गंधारावर घसरत येणारी मींड घेतली. "हे तुला येतंय. मग हाताला कामून सांगत नाहीस?" पुन्हा व्हायोलिन. या वेळी दुसरे बोट मध्यमावर ठेवून ते न उचलता, दाब थोडा हलका करून, गज तुटू न देता मागे ओढायचे. पहिल्या प्रयत्नात मांजर ओरडल्यासारखा आवाज आला, कारण बोट सरकले पण गजाचा वेग बदलला. सरांनी तिच्या बोटाच्या टोकाला खोबरेल तेलाचा थेंब लावला, पुसून घेतला आणि पुन्हा करायला लावले. ही एकच जागा आम्ही पाऊण तास वाजवली. दोघांनीही, कारण माझ्याकडून तर ती अजूनही दहापैकी चार वेळाच येते.

ही घसरण शक्य होते ती बसण्याच्या पद्धतीमुळे. पाश्चात्त्य वादक उभा राहून वाद्य हनुवटीखाली दाबून धरतो. आपल्याकडे जमिनीवर मांडी घालून, उजवे पाऊल थोडे पुढे काढून, व्हायोलिनचे टोक त्या पावलावर टेकवतात आणि दुसरी बाजू छातीला आणि खांद्याला लावतात. वाद्याचा भार पावलावर गेला की डाव्या हाताला ते पेलण्याचे काम उरत नाही, आणि तो तारेवर वरखाली मोकळा धावू शकतो. जुळवणीही वेगळी असते. तिकडे चारही तारा एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर असतात. आमच्या वर्गात सा-प-सा-प अशी जुळवणी आहे, आणि मधल्या दोन तारांत चौथ्या सुराचे अंतर येते. पहिले दोन महिने मांडीला मुंग्या येतात, पन्नाशीकडे झुकलेल्यांना जास्त. त्यासाठी सरांकडे एक चपटी उशी आहे, पण ती मागितल्याशिवाय मिळत नाही.

रविवारच्या वर्गाचा शेवटचा अर्धा तास ऐकण्याचा असतो, आणि माझ्या मते वर्गाच्या शुल्कातली अर्धी किंमत तिथेच वसूल होते. सर जुनी ध्वनिमुद्रणे लावतात आणि वादकाच्या आयुष्याविषयी बोलतात. अर्थात चहा आल्यावर. व्हायोलिन परदेशी वाद्य असून ते आपल्या संगीतात इतके कसे मुरले, या प्रश्नाचे उत्तर ते दक्षिणेपासून सुरू करतात. कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार मुथुस्वामी दीक्षित यांचे धाकटे बंधू बालुस्वामी दीक्षित (१७८६ ते १८५९) यांनी मद्रासेत युरोपीय वादकाकडून हे वाद्य शिकून घेतले आणि कर्नाटक संगीतात आणले. तिथे ते लवकरच साथीचे मुख्य वाद्य झाले. उत्तरेकडे त्याला त्यानंतर शंभरएक वर्षे लागली, कारण इथे साथीची जागा सारंगीने आधीच अडवलेली होती.

मराठी माणसाने आधी ऐकावे म्हणून सर गजाननराव जोशींपासून सुरुवात करतात. १९११ साली जन्मलेले गजाननराव मूळचे गवई. वडील अंतूबुवा हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य, त्यामुळे ग्वाल्हेर घराण्याची गायकी घरातच होती. पुढे आग्रा आणि जयपूर या घराण्यांचीही तालीम त्यांनी घेतली. आधी गळा, मग व्हायोलिन हा क्रम त्यांच्या आयुष्यातला, आणि सरांच्या वर्गातलाही. १९८७ मध्ये ते गेले, पण त्यांच्या तालमीतून तयार झालेले गायक आज आघाडीवर आहेत, आणि व्हायोलिनवादकाकडून असा गायकांचा वारसा निर्माण व्हावा ही गोष्ट सरांना फार आवडते.

विष्णु गोविंद जोग हे त्याहून वेगळे प्रकरण. १९२२ साली साताऱ्याच्या वाईत जन्म, लखनौला श्रीकृष्ण रातंजनकरांकडे शिक्षण आणि तिथल्याच संगीत महाविद्यालयात अध्यापन, नंतर आकाशवाणीची नोकरी आणि कोलकात्यात वास्तव्य. १९८३ मध्ये पद्मभूषण, २००४ मध्ये निधन. बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या सनईबरोबरची त्यांची जुगलबंदी लावली की वर्गातली लहान मुलेही हलायची थांबतात. जोगसाहेबांच्या वादनात गायकी होतीच, पण लयीशी खेळणे, गजाचे तुटक आघात, तिहाया यांत तंतवाद्याची ऐटही होती. "हे ऐका, पण करू नका, एवढ्यात तर नाहीच," असे सर दर वेळी बजावतात, आणि बुधवारी आठवीतला एखादा मुलगा हमखास तेच करून बघताना सापडतो.

दामोदर केशव दातार यांच्याविषयी बोलताना सरांचा आवाज खाली येतो. १९३२ साली जन्मलेले दातार हे विघ्नेश्वर शास्त्रींचे शिष्य आणि गायक द. वि. पलुसकरांचे नातलग. २००४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या वादनात कुठेही घाई ऐकू येत नाही, आणि एक सूर दुसऱ्यात मिसळताना सांधा सापडत नाही. भीमपलासाच्या धड्यानंतरच्या रविवारी सरांनी त्यांचेच वादन लावले होते. मुलगी शेवटी एवढेच म्हणाली, "यांचा गज वळताना ऐकूच येत नाही." सरांनी त्या दिवशी तिला चहातले बिस्कीट जास्तीचे दिले.

सर्वांत जास्त वेळ मात्र एन. राजम यांना मिळतो, आणि तो योग्यच आहे असे मला वाटते, कारण वादक आणि शिक्षक या दोन्ही बाजू त्यांच्यात सारख्याच भक्कम आहेत. १९३८ सालचा जन्म. वडील ए. नारायण अय्यर यांनी तिसऱ्या वर्षापासून हातात व्हायोलिन दिले, कर्नाटक पद्धतीचे शिक्षण पक्के झाले, व्हायोलिनवादक टी. एन. कृष्णन हे त्यांचे भाऊ. एवढी तयारी असताना त्या गायक ओंकारनाथ ठाकुरांकडे ख्याल शिकायला गेल्या, आणि गुरू गात असलेले आलाप, मींड, गमक जसेच्या तसे तारेवर यावेत म्हणून त्यांनी तयार असलेला आपला डावा हात नव्याने घडवला. मला या कथेतला हाच भाग खरा मोठा वाटतो. नवख्याने शून्यापासून सुरू करणे वेगळे, आणि ज्याला वाजवता येते त्याने आलेले विसरून पुन्हा बोट ठेवायला शिकणे वेगळे; आमच्या शाळेत सेवांतर्गत प्रशिक्षणाला आलेल्या शिक्षकांचे चेहरे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे अधिक पटेल. पुढे बनारस हिंदू विश्वविद्यालयात त्यांनी चार दशकांच्या आसपास शिकवले, तिथे विभागप्रमुख आणि अधिष्ठाताही झाल्या. १९८४ मध्ये पद्मश्री, २००४ मध्ये पद्मभूषण. मुलगी संगीता शंकर, भाची कला रामनाथ, नाती रागिणी आणि नंदिनी, अशी व्हायोलिन वाजवणाऱ्या स्त्रियांची तीन पिढ्यांची रांग त्यांच्या घरात उभी आहे. आमच्या वर्गात चौदापैकी नऊ मुली आहेत, आणि हे ऐकताना त्या जरा ताठ बसतात.

परीक्षांविषयी पालक हमखास विचारतात, म्हणून थोडक्यात. वर्गातून अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसता येते; प्रारंभिकपासून विशारदपर्यंत आणि पुढे अलंकारपर्यंत हा क्रम आहे. मुलीने प्रारंभिक आणि प्रवेशिका प्रथम दिल्या. सर फॉर्म भरायला नाही म्हणत नाहीत, पण आठवणही करून देत नाहीत. तारीख पालकांनीच लक्षात ठेवावी. गुणांसाठी कोणी फार उत्साह दाखवला की ते विषय बदलतात.

आता तक्रारी, कारण त्याही आहेत. वर्ग गच्चीवरच्या खोलीत भरतो, आणि एप्रिल-मेमध्ये ती खोली तापते. कूलर आहे, पण त्याच्या घरघरीत सूर ऐकू येत नाही म्हणून सर तो बंद करतात, आणि वीज गेली की तोही प्रश्न उरत नाही. लग्नसराईत आणि उत्सवांच्या दिवसांत सरांना साथीची बोलावणी येतात आणि वर्ग ऐनवेळी रद्द होतो. बाहेरगावाहून येणाऱ्यांना हे निरोप बस सुटल्यावर मिळतात. आमची अशी फेरी वर्षातून तीन-चार वेळा वाया जाते. बदली तास मिळतो, पण तो मागावा लागतो. नऊ वर्षांची मुले आणि माझ्यासारखे प्रौढ एकाच वेळी बसवणे मला पटलेले नाही. मुलांचा हात भराभर सुटतो, प्रौढ मागे राहतात आणि लाजून गप्प बसतात. दोन निवृत्त गृहस्थ याच कारणाने सोडून गेले. शिकवणीचे मोबाइलवर चित्रण करू देत नाहीत. त्यामागची भूमिका, घरी यंत्र ऐकण्यापेक्षा आठवून गावे, मला समजते, पण बुधवार आणि रविवार यांच्यामध्ये विसरलेली तान परत कुठून आणायची याचे उत्तर त्यांच्याकडे "पुन्हा या" एवढेच असते. शिवाय सुरुवातीला वापरायला भाड्याने वाद्य मिळण्याची सोय नाही, आणि मोठी दुरुस्ती निघाली, पाठ उकलली किंवा मान हलली, तर पुणे गाठण्याशिवाय गत्यंतर नाही. गजाचे केस बदलायलाही मी पुण्यालाच पाठवतो.

शुल्क महिन्याला नऊशे रुपये आहे, भावाबहिणींना किंवा आमच्यासारख्या बापलेकीला मिळून चौदाशे. शहरांतल्या दरांशी तुलना करण्यात अर्थ नाही; आमच्या भागात मात्र हे थोडे जास्त वाटणारे लोक आहेत, आणि ज्यांना खरोखर जड जाते त्यांच्याकडून सर काही घेत नाहीत, हे मी स्वतः पाहिलेले आहे. याउलट एकदा एका सधन पालकांनी मुलासाठी घरी येऊन खास शिकवण्याचे दुप्पट पैसे देऊ केले. सर म्हणाले, "पोरगं इथं आलं तर इतरांचं चुकलेलं ऐकंल. घरी कुणाचं ऐकणार?"

तीन वर्षांत माझ्या हाताला काय आले, असे कोणी विचारले तर भूप, यमन आणि लंगडा भीमपलास. मुलीला याच्या दुप्पट येते, आणि ती माझ्या चुका सरांच्या आधी सांगते. मधल्या काळात मी दोनदा सोडायचे ठरवले होते. दुसऱ्यांदा तर महिनाभर गेलोच नाही. मग एका रात्री शेजारच्या देवळातल्या भजनात एकाचा सूर सतत केसभर खाली राहत होता आणि मला ते सहन होईना. तीन वर्षांपूर्वी मला तो ऐकूच आला नसता. पुढच्या बुधवारी पुन्हा एसटीत बसलो.

नवे विद्यार्थी दसऱ्यानंतर घेतात. पहिल्या भेटीला व्हायोलिन नेऊ नये, विकत तर मुळीच घेऊ नये. वही न्यावी आणि मुलाबरोबर स्वतः बसण्याची तयारी ठेवावी. मुलगी आता बारा वर्षांची झाली असून दर महिन्याला माझ्या व्हायोलिनच्या टोकाशी पंजा लावून बघते. गेल्या खेपेला अर्धे बोट कमी पडले. दिवाळीपर्यंत तिचे पाऊण मापाचे वाद्य रिकामे होईल असा अंदाज आहे. वर्गातल्या कोणाला हवे असल्यास सरांकडे निरोप ठेवावा. वाद्य साधेच आहे, पण काडी आणि घोडी सरांच्या हातची आहे, तेव्हा नव्या तारा चढवताना चारही एकदम सैल करू नयेत, एकेक करून बदलाव्यात.